इतर औषधे : काही नाही

या अंकाच्या संपादकबाई माझ्या बहिणीच्या सोसायटीत राहतात. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, "तावडेताई, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. सुई बघून चक्कर येणारे पुरुष वगैरे. दिवाळीत लोकांना हसू येईल असं काहीतरी." मी लगेच हो म्हटलं, कारण चक्कर येणारे पुरुष माझ्याकडे भरपूर आहेत. एक तर पोलीस खात्यातले होते, मिशा अशा की बघणाराच घाबरावा. मी नुसता स्पिरिटचा बोळा हातावर फिरवला आणि साहेब सोफ्यावर आडवे. त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "उठतील पाच मिनिटांत. तुम्ही तोवर माझं घ्या."

अशी तीन पानं लिहून झाल्यावर लक्षात आलं, की मी एका गोष्टीला वळसा घालून चाललेय. रोज नवी गंमत आठवतेय ती त्यासाठीच. म्हणून ती पानं बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं. संपादकबाईंना नको असेल तर परत पाठवतील.

बोरिवलीत स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं रक्त घ्यायचं काम केलं. लॅबमध्ये बसून थोडं आणि घरोघरी जाऊन जास्त. सकाळी साडेसहाला पहिलं घर, अकरा वाजेपर्यंत बारा-पंधरा घरं, मग नळ्या लॅबमध्ये आणून द्यायच्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, सुई टोचली, रक्त ओढलं, काम झालं. टोचणं महिनाभरात कुणालाही जमतं. खरं काम टोचण्याच्या आधी असतं. दंडाला रबरी पट्टा बांधायच्या आधी माणसाला बोलतं करायचं, काय खाल्लं, काय प्यायलं, कधी झोपला ते काढून घ्यायचं. पोटात बिस्कीट गेलेलं असताना उपाशीपोटीची साखर तपासली तर तो आकडा खोटा, आणि त्या खोट्या आकड्यावर डॉक्टर खरं औषध देणार.

माणसं रक्त देताना खोटं बोलतात हे मी पहिल्या वर्षीच शिकले. वाईट हेतूने नाही. नापास व्हायची भीती वाटते. शिंपोलीला वेंगुर्ल्याकडचे एक आजोबा होते, साखरेचे. तपासणीच्या आधी चार दिवस भात बंद, चहात साखर बंद, गच्चीत फेऱ्या. माझ्यापुढे हात धरायचे आणि म्हणायचे, "गो बाय, सगळा रगात काढू नको हां. माका पन वायच ठेव." एकदा डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी लिहून दिली. ती चार दिवसांच्या नाटकाला फसत नाही. रिपोर्ट गेल्यावर आजोबांचा मला फोन, "चाडी केलंस ना माझी?" पुढचे सहा महिने ते माझ्याशी फक्त मानेने बोलले.

माझी बॅग एवढीशी, पण तिच्यात एक फॉर्म असायचा. नाव, वय, उपाशी की जेवून, आणि शेवटी दोन रकाने: 'चालू औषधे' आणि 'इतर औषधे'. चालू औषधांत बीपी, साखर, थायरॉइड असलं काही लोक पटापट सांगतात. 'इतर' विचारलं की दहांतले नऊ जण म्हणतात, काही नाही. मग मी विचारायच्या आधीच लिहायला लागले: काही नाही. सकाळी पंधरा घरं करायची असतात आणि प्रत्येक जण घड्याळाकडे बघत असतो, ही सबब खरी आहे. तरी ती सबबच.

आता मृणालची गोष्ट. नाव बदललंय.

ती बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या गेटपासून दहा मिनिटांवर राहायची. बत्तीस वर्षांची, विमा कंपनीत नोकरी, नवरा केदार, आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे माई म्हणत, मीही म्हणायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मे महिना होता. मी घामाने निथळतेय आणि ही पंखा बंद करून, अंगावर शाल घेऊन बसलेली. चेहरा सुजल्यासारखा. हात हातात घेतला तर थंडगार. शीर सापडेना. मी तिचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "सॉरी हं ताई, हल्ली कशानेही येतं."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, वजन वाढत चाललेलं, दुपारी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोप लागायची. घरचे म्हणायचे आळशी झाली, ऑफिसातले म्हणायचे लग्न मानवलं. सहा वर्षं मूल नाही म्हणून बायकांच्या एका डॉक्टरांकडे गेली, तिथून हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे, आणि त्यांनी रक्त तपासायला सांगितलं म्हणून मी.

थायरॉइडबद्दल दोन शब्द सांगते, कारण लोकांना तो आकडा नेहमी उलटा वाटतो. गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते. तिच्या कामावर सगळं शरीर चालतं, म्हणजे ऊब, वजन, केस, पाळी, मनसुद्धा. ती सुस्तावली की मेंदू तिला हाका मारायला लागतो. त्या हाका म्हणजे टीएसएच. आकडा जितका जास्त, तितकी ग्रंथी झोपलेली. चार-साडेचारपर्यंत ठीक मानतात. मृणालचा अठरा आला.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि भला मोठा कागद लिहून दिला. गोळी पहाटे उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर. रोज पाऊण तास चालणं. जेवण साडेसातच्या आत. मैदा, बेकरी बंद. झोपायच्या तासभर आधी मोबाइल बाजूला. केदारने तो कागद फ्रिजवर लावला आणि त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, म्हणजे तोही पाळणार म्हणून. तो आठ दिवस पाळून थांबला. माईंनी मात्र मनावर घेतलं. अडुसष्टाव्या वर्षी बूट विकत आणले आणि सुनेला घेऊन रोज सहा वाजता नॅशनल पार्कात जायला लागल्या.

दीड महिन्याने परत रक्त घ्यायला गेले. आकडा तेरा. फारसा उतरला नव्हता. माई खट्टू झाल्या. "एवढं चालतो आम्ही, तावडेताई. पोळी सोडली, भाकरी धरली. मग?" मी सहज विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतेस गं?" मृणाल म्हणाली, "पाण्याबरोबरच. आणि लगेच चहा, नाहीतर माझे डोळे उघडत नाहीत." मी म्हटलं, इथेच तर वाट लागली. चहाने ती गोळी अंगाला नीट लागत नाही. तासभर थांब, मग पी. पुढच्या तपासणीला आकडा पाचावर. माईंनी मला नारळ आणि साडीचा पीस दिला. मी नको नको म्हणत घेतला.

हे मी मिरवायला सांगत नाही. खरं तर मिरवायलाच सांगत होते तेव्हा, लॅबमध्ये, बहिणीला, ज्याला त्याला. डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही ते माझ्या आलं! त्या घरात माझा शब्द चालायला लागला. मृणाल मला फोन करून विचारायची, ताई, हे खाऊ का, ते चालेल का. आणि मी सांगायचे. मी बारावी आणि लॅबचा एक वर्षाचा कोर्स केलेली बाई, पण ठासून सांगायचे.

वर्षभरात ती पोर बदलली. नऊ किलो उतरली. शाल गेली. पाळी दिवस चुकवीना. दुपारची झोप गेली, ऑफिसात बढतीसाठी नाव गेलं. सासू-सुना पार्कातून येताना बोरं, आवळे घेऊन यायच्या आणि त्यातले माझ्या बॅगेत टाकायच्या. टीएसएच अडीच. मी तिला म्हटलं, "झकास. आता तुझा रिपोर्ट मी लॅबच्या भिंतीवर लावते." ती हसली आणि डोक्यावरून हात फिरवून मूठ माझ्यापुढे उघडली. मुठीत केस. "सगळं सुधारलं ताई, हे तेवढं बघा ना."

मी म्हटलं, "अगं, माझ्या भाचीचे असेच जात होते. तिने त्या बायोटिनच्या गोळ्या घेतल्या. मी पण घेतल्या तीन महिने. बघ माझे." आणि अंबाडा सोडून दाखवला.

पुढच्या वेळेला डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी निळ्या झाकणाची डबी होती. मोठ्या अक्षरात बायोटिन. मी ती डबी हाताने बाजूला सरकवली, कारण मला फॉर्म ठेवायला जागा हवी होती. फॉर्मवर लिहिलं: चालू औषधे, थायरॉइडची गोळी. इतर औषधे, काही नाही.

आमच्या यंत्राच्या खोलीत फळ्यावर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं एक इंग्रजी पत्रक टाचणीने लावलेलं होतं. त्यात लिहिलेलं होतं की बायोटिन घेणाऱ्यांची तपासणी चुकू शकते, दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त घ्यावं. ते मी वाचलेलं होतं. वाचलं म्हणजे डोळ्यांखालून गेलं. तो शब्द माझ्या डोक्यात यंत्राच्या खोलीतला राहिला, आणि डबीवरचा शब्द केसांचा. दोन्ही एकच आहेत हे मला सुचलं नाही. त्यामागची गोष्ट मला नंतर कळली ती अशी. काही यंत्रं टीएसएच मोजताना त्याला पकडून ठेवायला बायोटिनचाच वापर करतात. रक्तात आधीच बायोटिन भरपूर असेल तर ती पकड बसत नाही आणि टीएसएच आहे त्याहून कमी दिसतो. थायरॉइडचं हार्मोन उलट जास्त दिसतं. झोपलेली ग्रंथी कागदावर धावताना दिसते.

त्या दिवाळीनंतर मृणालचा फोन आला, सकाळी सातला. मी एका घरात सुई लावून बसलेली. ती इतकं हळू बोलत होती की मी दोनदा काय काय म्हटलं. "ताई, पाळी दहा दिवस चुकली. घरी किट आणून बघितलं. दोन रेघा आल्या. अजून माझ्या आईला पण सांगितलं नाही." मी त्या पेशंटच्या हातावर बोळा दाबून धरला आणि रडले. पेशंट म्हणाला, बाई, दुखलं मला, रडताय तुम्ही.

गरोदरपणात थायरॉइड वरचेवर तपासतात, कारण पहिले काही महिने बाळ आईच्याच हार्मोनवर वाढतं. बहुतेक बायकांची गोळी त्या काळात वाढवावी लागते. मी सहाव्या आठवड्यात रक्त घेतलं. टीएसएच जवळजवळ शून्य, हार्मोन जास्त. डॉक्टरीणबाईंना वाटलं, गोळी जास्त होतेय. दिवस राहिल्यावर टीएसएच आपोआप थोडा उतरतोच, त्यामुळे शंका यायचं कारणही नव्हतं. त्यांनी गोळी अर्धी केली. तीन आठवड्यांनी मी परत रक्त घेतलं. परत तेच. त्यांनी गोळी बंद केली.

दोन्ही वेळा फॉर्म मीच भरला. दोन्ही वेळा काही नाही.

दुसऱ्या वेळेला तिचा हात थंड होता. मी ते हाताने ओळखलं होतं, डोक्याने नाही. मी म्हटलंसुद्धा, "गार पडलीस गं." ती म्हणाली, "झोप पण खूप येते ताई. पण या दिवसांत असतंच ना?" माई म्हणाल्या, असतं. मीही म्हटलं, असतं. तीन बाया मिळून आम्ही असतं म्हटलं आणि चहा प्यायलो.

बाराव्या आठवड्यात ते गेलं.

ज्या हॉस्पिटलात तिला नेलं तिथे त्यांनी तिचं रक्त त्यांच्याकडे तपासलं. त्यांचं यंत्र वेगळ्या पद्धतीचं होतं. टीएसएच चाळिसाच्या वर.

आठवड्याने केदार दोन्ही रिपोर्ट घेऊन आमच्या लॅबमध्ये आला. दाढी वाढलेली. आवाज चढवला नाही त्याने, चढवला असता तर बरं वाटलं असतं. सरांसमोर दोन्ही कागद ठेवले आणि म्हणाला, "यातला खरा कुठला, एवढंच सांगा." सर म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट, लॅब त्यांचीच. ते म्हणाले, यंत्रं वेगळी असतात, फरक पडतो, मी बघतो. केदार उठला. जाताना मला म्हणाला, "ताई, ती तुमची आठवण काढते."

तो गेल्यावर सरांनी दार लावलं. "तावडे, ही मुलगी केसांच्या गोळ्या घेत होती का?"

मी म्हटलं, "हो."

"तुला माहीत होतं?"

"मीच सांगितल्या होत्या, सर."

सरांनी खुर्ची ओढली आणि फोन जवळ घेतला. माणूस वाईट नव्हे. त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्याच दिवशी मृणालची गोळी पुन्हा सुरू करायला सांगण्यात आलं, केसांच्या गोळ्या बंद करायला सांगण्यात आलं. कारण मात्र तिला कुणी सांगितलं नाही. सर मला म्हणाले, "गोळी कमी झाल्यामुळेच गेलं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी जातात, कारण कळतच नाही. आता त्यांना सांगून काय मिळणार? तू बोलू नकोस. मी बघतो योग्य वेळी."

मी बोलले नाही. सरांनी सांगितलं म्हणून नाही, ते नुसतं सोयीचं झालं. मला भीती वाटत होती. त्या घरात माझा म्हणून एक कप होता. तो कप जाईल याची भीती वाटत होती, इतकी साधी गोष्ट. मी त्या भागातली घरं दुसऱ्या मुलीला दिली आणि स्वतः पार दुसऱ्या टोकाची, गोराईची घेतली. माईंचे दोन फोन उचलले नाहीत.

महिना झाला. तिसरा फोन नाव न बघता उचलला. नंबर केदारचा होता. बोलल्या माई. "तावडेताई, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. गोळी घेत नाही हो ती. डबीत तशाच आहेत, मी मोजल्या. चालायला येत नाही. जेवायला बसते आणि ताट बघत बसते. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. पुन्हा शाल. पुन्हा सुजलेला चेहरा, वर्षभराचं सगळं परत फिरलेलं. फ्रिजवरचा कागद काढून टाकलेला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते. केदार ऑफिसला निघाला होता, मी त्याला थांबायला सांगितलं. बॅग उघडली नाही. माईंनाही बसायला सांगितलं आणि सांगितलं सगळं. डबीचं, फॉर्मचं, फळ्यावरच्या पत्रकाचं. तुझी ग्रंथी झोपलेली होती आणि कागदावर जागी दिसत होती, म्हणून गोळी बंद झाली, नको तेव्हा. त्यानेच बाळ गेलं की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, मी तर नाहीच. पण चूक झाली ती माझ्याकडून झाली. तू विश्वास ठेवलास तिथेच झाली.

मला वाटलं होतं केदार ओरडेल. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. माईंनी पदर तोंडाला लावला.

मृणाल म्हणाली, "म्हणजे चालण्याने नाही झालं?"

मला कळेना ही काय विचारतेय. "कसलं चालणं?"

"आदल्या दिवशी मी पार्कात गेले होते. चढ चढले. माझी आई म्हणाली, कशाला एवढं चालायचं या दिवसांत. ऑफिसात पण सगळे तेच म्हणाले. वजन उतरवायचा हव्यास नडला." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी त्या चढावर थांबले पण होते. दम लागला होता. मग म्हटलं, चला, थोडंच राहिलंय."

"नाही गं," मी म्हटलं. "चालण्याने काही नाही झालं. तू सगळं बरोबर करत होतीस. एकूण एक गोष्ट बरोबर केलीस तू."

मग माई रडायला लागल्या, मोठ्याने, लहान मुलासारख्या. "मीच म्हटलं होतं तिला, चल, वरच्या वाटेने जाऊ. मीच म्हटलं होतं." महिनाभर त्या एका घरात दोघी जणी तीच गोष्ट मनात धरून बसल्या होत्या आणि एकमेकींना सांगत नव्हत्या. सुनेला वाटत होतं आपण मारलं, सासूला वाटत होतं आपण मारलं. मृणाल उठून माईंजवळ गेली, त्यांचं डोकं पोटाशी धरलं. मी खुर्चीत बसून राहिले. तिथून उठून जावं की थांबावं, मला समजत नव्हतं.

थोड्या वेळाने मृणालने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नीट, शांतपणे, जशी ती ऑफिसात एखाद्या कागदाकडे बघत असेल तशी.

"ताई, हे तुम्हाला कधी कळलं?"

"महिना झाला."

"महिना," ती म्हणाली. "महिनाभर तुम्हाला माहीत होतं."

चुकीबद्दल मी काहीतरी उत्तर देऊ शकत होते, माहीत नव्हतं, लक्षात आलं नाही, घाई होती. महिन्याचं काय सांगणार? तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "घ्या रक्त. त्यासाठी आलात ना." मी घेतलं. फॉर्मवर दोन्ही रकाने तिला विचारून भरले. चहा झाला नाही.

लॅबमध्ये जाऊन सरांना सांगितलं, मी बोलले म्हणून. नोकरी जाईल असं वाटत होतं, गेली नाही. सर स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले, त्यांनी लेखी माफी दिली. केदारने ती घेतली आणि पुढे काही केलं नाही. का केलं नाही, मला माहीत नाही. मला कधी कधी वाटतं, करायला हवं होतं.

त्यानंतर मी तो फॉर्म बदलून घेतला. 'इतर औषधे' हा रकाना काढला आणि त्याजागी साध्या मराठीत प्रश्न घातले. केसांसाठी काही घेता का? नखांसाठी, त्वचेसाठी? जिममध्ये कुणी पावडर दिली आहे का? नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी काही सुचवलंय का? नवीन मुलींना मी शिकवायचे, हे विचारून उत्तर मिळाल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही, आणि टेबलावर काय काय आहे ते बघायचं. मुली हसायच्या, तावडेताई जासूस आहेत म्हणून. एकदा एका प्राध्यापकांचा रिपोर्ट असाच उलटा येणार होता. टक्कल पडायला लागल्यापासून दोन वर्षं गोळ्या खात होते आणि बायकोपासूनसुद्धा लपवून ठेवलं होतं. मी ते काढून घेतलं, आठवडाभर गोळ्या बंद करून परत रक्त घेतलं, सगळं ठीक निघालं. सर म्हणाले, "शाब्बास, तावडे." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मृणालने गोळी पुन्हा सुरू केली. हे मला कळायचं कारण तिची तपासणी आमच्याकडेच होत राहिली, फक्त तिने लॅबला फोन करून सांगितलं होतं, दुसऱ्या कुणालाही पाठवा. इतकं होऊनही लॅब बदलली नाही तिने. मी निवृत्त होईपर्यंत तिचा प्रत्येक रिपोर्ट बघत होते, बघायचा हक्क नसताना. चाळीस, मग अकरा, मग चार, मग दोन. जीवनसत्त्वं बरोबर, साखर बरोबर. कागदावरून माणूस जेवढा कळतो तेवढा कळत होता. ती बरी झाली होती. बायकांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या एक-दोन वर्षं येत होत्या, मग त्या यायच्या बंद झाल्या. मूल झालं नाही.

गेल्या श्रावणात मला माई भेटल्या, बाजारात, केळीची पानं घेताना. वय झालंय, पण पायात बूटच. मी वळून जाणार होते, त्यांनीच हाक मारली. माझा हात धरून रस्त्याच्या कडेला नेलं.

"बरी आहे ती," मी न विचारताच म्हणाल्या. "रोज चालते. वरच्या वाटेने जाते, मी खाली बाकावर बसते. आता ऑफिसात साहेब झालीय. हसते, बोलते. गोळी चुकवत नाही."

मी म्हटलं, "बरं वाटलं ऐकून."

"तावडेताई, तुम्ही त्या दिवशी येऊन सांगितलंत ना, म्हणून मी जगले. नाहीतर मी काही त्या चढावरून उतरले नसते कधी. देवापुढे बसले की तुमचं नाव घेते, खरं सांगते." त्यांनी पिशवीतून केळीची दोन पानं काढून माझ्या पिशवीत घातली. मी या खेपेला नको म्हटलं नाही. मग त्यांनी माझा हात सोडला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "पण घरी येऊ नका हं. तिला आता बरं वाटतंय."

"नाही येणार, माई," मी म्हटलं.